राष्ट्रीय खेळ कोणता?

आमच्याकडे मुलगी बघायला आले की तिला प्रश्न विचारतात. नाव, शिक्षण, मामाचं गाव, सध्या कोणता मराठी महिना चालू आहे. मुलगी मुकी नाही, तोतरी नाही, हे कळावं म्हणून ही रीत पडली असेल. पण मी कॉलेजला जाते असं कळल्यावर वालूरहून आलेल्या पाहुण्यांनी माझ्यासाठी वेगळी तयारी केली होती. मुलाचे मामा शाळेत शिक्षक. त्यांना मुद्दाम माझ्या समोरच्या खुर्चीत बसवलं होतं.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. बाबा आदल्या दिवशी म्हणाले होते, "जमलं तर उन्हाळ्यात उरकून टाकू. फुडचं शिक्षण त्यांच्या मर्जीवर." मर्जी काय असते ते मला ठाऊक होतं. माझ्या चुलत बहिणीची पुस्तकं लग्नानंतर माळ्यावर गेली ती खाली आलीच नाहीत.

पदर सावरत मी पाटावर बसले. मामांनी सुरुवात केली.

"सूर्याच्या सगळ्यात जवळचा ग्रह?"

"बुध."

"रक्त लाल कशानं?"

"हिमोग्लोबिनमुळं."

"मराठवाडा मुक्त कधी झाला?"

"सतरा सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठेचाळीस."

"मोठ्यानं बोल की. आमी काय खातो का तुला?" मुलाची आत्या म्हणाली. सगळे हसले.

"एक किलो लोखंड अन् एक किलो कापूस, जड काय?"

"सारखंच."

"कापूस वेचलेला दिसतोय!" मुलाचे वडील म्हणाले. पुन्हा हशा. मग ते बाबांकडे वळले, "पास हाय की हो पोरगी."

बाबांचा चेहरा उजळला. दाराआड उभी असलेली माय पदर तोंडाला लावून हसायली होती. प्रत्येक बरोबर उत्तरासरशी मी वालूरकडे सरकत होते. चुकावं, तर हीच माणसं म्हणणार, "कॉलेजात जाऊन हेच शिकली का?" आणि बाबांची मान खाली जाणार. मुलगा एकदाही माझ्याशी बोलला नव्हता. तो मोबाईलवर काहीतरी बघत होता.

"आता सोपा घे," मामा म्हणाले. "भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?"

याचं उत्तर मीही शाळेत पाठ केलं होतं. पण स्पर्धा परीक्षेच्या वर्गात आमच्या सरांनी याच प्रश्नावर सगळा वर्ग खोटा पाडला होता.

"कोणताच नाही," मी म्हणाले.

"काय?"

"सरकारनं कोणताच खेळ तसा जाहीर केलेला नाही."

मामा आधी हसले. मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "अहो, चौथीचं पोरगंबी सांगतंय, हॉकी! कोणतंबी गाईड उघडा."

"हॉकीच म्हणायचंय तिला," बाबा घाईनं म्हणाले. "घाबरली हाय. सांग गं, हॉकी म्हण."

एक शब्द म्हटला असता तर सगळं मिटलं असतं.

"गाईडात चुकलंय, मामा."

"म्हंजे मी पोरांना खोटं शिकवायलोय का?" मामांचा आवाज चढला. भाच्याकडे वळून म्हणाले, "बघ रे त्यात काय येतंय."

मुलानं टाईप केलं. त्याचा अंगठा हळूहळू वर सरकला, थांबला. त्यानं वाचलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं आणि मोबाईल खिशात घातला.

"रेंज न्हाई."

तो बसला होता त्याच कोपऱ्यात बसून मी रोज मोबाईलवर लेक्चर बघते. तिथं रेंज कधी जात नाही.

पाहुणे उठले. पोह्यांच्या बश्या अर्ध्या राहिल्या. मला कुंकू लावायला कुणी पुढं आलं नाही. चपला घालताना मामा बाबांना म्हणाले, "लय शिकवलं तुमी. आता घरीच ठेवा."

दार लागल्यावर बाबा बराच वेळ खुर्च्या नीट लावत राहिले. त्या शेजारून आणल्या होत्या, परत द्यायच्याच होत्या. मग म्हणाले, "हॉकी म्हणली असतीस तर काय जीभ झडली असती?"

मी खरं तेच बोलले, की सुटायचं म्हणून बोलले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. दोन्ही असेल.

"जा कॉलेजात," ते म्हणाले. "आता कोण यायलंय बघायला! बस शिकत."

असं मिळालं मला पुढचं शिक्षण. सोमवारी मायनं डबा बांधला नाही, मी मागितला नाही. आमच्या बोरीच्या थांब्यावर जिंतूरच्या एसटीची वाट बघत होते, तर शेजारच्या काकू टोपली खाली ठेवून म्हणाल्या, "काय गं, हॉकी खेळायला निघालीस व्हय?"

त्यांच्या सोबतच्या दोघी हसल्या.

"प्रॅक्टिकल हाय, काकू," मी म्हणाले आणि एसटी थांबायच्या आतच दाराकडे गेले.