हायवालं कोलेस्टेरॉल आणि देवाजीची निरवानिरव

माझ्या इंग्रजीमुळे आजवर एकच माणूस मरणाच्या दारात जाऊन बसला, आणि तोही अगदी ठणठणीत होता.

त्याचं नाव देवाजी. लाखांदूरकडच्या आमच्या गावात तो तलावावर मासे धरतो. आमची दोस्ती लहानपणापासूनची. मी पंचायत समितीत बाबू होतो, आता निवृत्त. आम्हा दोघांनाही शुगर आहे. (मधुमेह शहरात होतो, आमच्याकडे शुगरच होते.) मला डॉक्टरांनी शुगरच्या गोळ्यांबरोबर कोलेस्टेरॉलची एक लहानशी गोळीही लावून दिली होती. ती मी दिवाळीपासून परस्पर बंद केली. रोग साखरेचा, मग गोळी तेलातुपाची कशाला, असा माझा बिनतोड सवाल होता.

माझी बायको सुलोचना हिला तो सवाल मुळीच बिनतोड वाटत नव्हता. तिच्या थोरल्या भावालाही शुगर होती. त्याने ती इतकी ताब्यात ठेवली होती की लोक कौतुक करत. आणि एका सकाळी धानाच्या बांधीत उभ्या उभ्या छातीत कळ येऊन तो गेला. तेव्हापासून मी नुसता ढेकर दिला तरी ती विचारते, "दुखून तं नाही राहिलं?"

शेवटी तिनेच तोडगा काढला. "भंडाऱ्याले जा, रक्त तपासा. चांगलं निघालं तं मी गोळीचं नाव नाही काढत. खराब निघालं तं मुकाट्यानं खायची!"

मी कबूल झालो. देवाजीही सोबत निघाला, त्याचीही तपासणी व्हायचीच होती. रिपोर्ट हाती पडले, पण डॉक्टर बाहेरगावी. दवाखान्यातले सोमवारी या म्हणाले. सोमवारला चार दिवस होते आणि माझ्या खिशात चष्मा होता!

परतीच्या एसटीत देवाजीने विचारलं, "काय लिवलं हाये जी, बाबूजी?"

आता कबूल करून टाकतो. कागदावर एचडीएल आणि एलडीएल अशी दोन नावं होती आणि पुढे त्यांची लांबलचक फोड. मी फक्त पहिले शब्द वाचले. एकात 'हाय', दुसऱ्यात 'लो'. पुढचं वाचायची गरजच काय? हाय बीपी, लो बीपी कोणाला माहीत नाही! हाय म्हणजे चढलेलं कोलेस्टेरॉल, लो म्हणजे उतरलेलं. आणि माझं हायवालं होतं फक्त एकतीस!

"हायवालं पार खाली बसलं, देवाजी! अन् लोवालं पाय, एकशे अठ्ठेचाळीस!"

(पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाईसुद्धा वळून "बरं झालं बाप्पा" म्हणाल्या.)

"अन् माह्यं?"

त्याचं हायवालं चोपन्न होतं. लोवालं अवघं सहासष्ट. मी चष्मा काढला.

"काहून चष्मा काढला जी?"

"देवाजी, हिंमत धर."

घरी सुलोचनाने कागद उलटसुलट करून पाहिला. "मंग हे आकडे असे ठळक काहून छापले?"

"अभिनंदन म्हणून!" मी म्हणालो.

ती शब्दाची पक्की. गोळ्यांची डबी तिने फळीवर चढवून ठेवली आणि पाटोडीचा रस्सा केला, वर बोटभर तर्री. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच ती चुलीपाशी काहीतरी गुणगुणत होती. मला माझ्या रक्ताचा फार अभिमान वाटला.

तिकडे देवाजीने खाट धरली. दुसऱ्या दिवशी त्याने निरवानिरव सुरू केली. जाळी थोरल्या मुलाला, तलावातला डोंगा धाकट्याला. ज्या सख्ख्या भावाशी बांधावरून सहा वर्षं अबोला होता त्याला बोलावून गळ्यात गळा घालून रडला. गाव भेटायला लोटलं. मीही रोज जात होतो, धीर द्यायला. माझ्याच सांगण्यावरून त्याने मासे सोडले होते, म्हणून त्याच्या वाटणीची तळलेली मरळ आमच्याकडे येऊ लागली.

"खा बाबूजी," तो खाटेवरून क्षीण आवाजात म्हणायचा, "तुमचं चांगलं हाये." मला गहिवरून यायचं. (मरळ मात्र मी संपवत होतो.)

तिसऱ्या दिवशी त्याची सून प्रतिभा आंबागडच्या माहेराहून परतली. ती गावची आशाताई, घरोघरी फिरून आरोग्याची कामं करणारी. घरात पाहते तो सासू रडतेय, सासरा मुलांना शेवटचं सांगतोय. तिने सासऱ्याचा रिपोर्ट मागितला, वाचला, आणि तो घेऊन तरातरा आमच्या अंगणात आली. सुलोचना तांदूळ पाखडत बसली होती.

"काकाजी, तुमचा कागद दाखवा बरं." दोन्ही कागद शेजारी धरून तिने विचारलं, "हे वाचलं कोणं?"

"मी! काहून?"

"अवो, हाय म्हंजे वाढलेलं नाही जी! ती डेन्सिटी असते. डेन्सिटी म्हंजे..." ती अडखळली. मग तिची नजर सुपावर गेली. "काकू, पाखडल्यावर भारी काय रायते?"

"दाणा."

"अन् हलकं?"

"पोचट. कचरा."

"तसंच समजा. हायवालं म्हंजे भारी. ते चांगलं, ते नसांतला कचरा झाडून नेते. लोवालं म्हंजे हलकं, ते नसांले चिकटून बसते. आमच्या मामाजीचं भारी चोपन्न हाये. अन् काकाजीचं..."

सुलोचनाचे हात थांबले. जे मला तीस वर्षांच्या फायलींनी शिकवलं नाही ते तिला एका सुपात कळलं होतं.

"म्हंजे यायच्यात निस्ता कचराच?"

मी शेवटचा प्रयत्न केला. "पण छापलेल्या हद्दीपेक्षा अठराच तं जास्त हाये!"

"ते सगळ्यायसाठी छापलं असते, काकाजी. शुगरवाल्याले डॉक्टर त्याच्याही खाली ठेवाले लावते. शुगर ताब्यात असली तरी हे वेगळं पाहावंच लागते. नाहीतर..."

'नाहीतर' काय ते आमच्या घरात सांगायची गरज नव्हती. मला वाटलं होतं सुलोचना भांडेल. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तीन दिवस ती माझ्या शब्दावर निर्धास्त झाली होती, आणि मला त्याची मनापासून लाज वाटली. ती उठली, डबी खाली काढली आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे धरला. मी मुकाट्याने गोळी गिळली.

मग देवाजीकडे गेलो. "तुले काही झालं नाही, देवाजी. तुह्याइतकं चांगलं रक्त गावात कोणाचं नसंल."

तो ताडकन उठून बसला. आनंद झाला असेल म्हणून मी मिठी मारायला पुढे झालो.

"म्हंजे मरळ मी खाऊ शकत होतो?"

एवढं बोलून तो जाळी परत मागायला पळाला. मुलांनी दिली नाहीत. भावाशी बोलणं मात्र टिकलं, एवढं तरी माझ्या खात्यावर लिहायला हरकत नाही.

सोमवारी सुलोचनाही भंडाऱ्याला आली. मी तोंड उघडायच्या आत तिने डॉक्टरांना दिवाळीपासूनचं सगळं सांगितलं, तर्रीसकट. डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. गोळी कायम, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि मनाने काही बंद करायचं नाही असं बजावून त्यांनी नवा कागद लिहिला.

मी सवयीने चष्मा लावून हात पुढे केला.

डॉक्टरांनी कागद माझ्या हातावरून नेऊन सुलोचनाला दिला. "डॉक्टरसाहेब, मले इंग्रजीचं एक अक्षर येत नाही जी," ती म्हणाली.

"म्हणूनच तुम्हाला देतोय," डॉक्टर म्हणाले.