वॉरफील्डच्या पुरातला बारावा

व्हर्लिन ऑस्ट्रँडरने वॉरफील्डच्या पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले. कुठल्या रस्त्याखालून किती इंची पाइप जातो हे खात्यातले लोक त्याला विचारायचे आणि तो कागद न बघता सांगायचा. तो निवृत्त झाला तेव्हा केक कापला, चारजण बोलले, आणि सोमवारी सकाळी त्याच्या लक्षात आलं, की आता कुठे जायचं नाही. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही. त्याला कशाचंच फारसं काही वाटत नसे. वीस वर्षांपूर्वी बायको सोडून गेली, तीही जाताना एवढंच सांगून गेली होती.

मग एक दिवस इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात त्याने वॉरफील्डची नोंद उघडली. दीड लाख वस्तीचं ओहायोतलं शहर, आणि नोंद जेमतेम दोन पानांची. त्यात नदी उलट दिशेला वाहत होती. ही नोंद कुणीही दुरुस्त करू शकतं असं खाली लिहिलं होतं. त्याने नदी सरळ केली. मग फरशीचा कारखाना बंद पडल्याचं साल सुधारलं, मग महापौरांची यादी. हिवाळ्यात तो रोज दहाच्या ठोक्याला वाचनालयाच्या दारात उभा असे. तिथला जुन्या वर्तमानपत्रांचा विभाग ओडेसा प्रुइट सांभाळायच्या. तो कोट काढेपर्यंत त्या त्याच्या मायक्रोफिल्मच्या रिळांचा ट्रे समोर आणून ठेवत.

काम त्याला जमलं. प्रत्येक वाक्याखाली तळटीप, प्रत्येक तळटिपेत तारीख आणि पान. कुणीतरी मध्येच लिहून गेलं होतं, की लोणच्याच्या बरणीचं अमुक झाकण आपल्या आजोबांनी शोधलं. व्हर्लिनने ते वाक्य उडवलं आणि शेरा मारला, ‘घरची आठवण हा पुरावा नव्हे.’

मार्चमध्ये तो पुराच्या परिच्छेदापाशी आला. १९७९चा पूर, अकरा मृत्यू. त्याने अकराचे बारा केले. खाली तळटीप दिली नाही.

नोंदीला ज्ञानकोशाचा ‘चांगली’ हा दर्जा द्यायचा का, हे ठरवण्यासाठी तेव्हा दुसऱ्या राज्यातला कुणी परीक्षक ती तपासत होता. नाव फक्त ‘हेरॉन’. दोन दिवसांत त्याने बाराचे परत अकरा केले आणि विचारलं, ‘तीन पुस्तकांत अकरा आहे. तुम्ही बारा कुठून आणलेत?’

व्हर्लिनकडे छापील पुरावा नव्हता. त्याला ठाऊक होतं ते इतकंच: त्याचा थोरला भाऊ डेल, वय बावीस, शेजारच्या म्हातारीला तळघरातून काढताना छातीभर पाण्यात उभा राहिला. गढूळ पाणी फुप्फुसांत गेलं. पूर ओसरला, पेपरांनी मेलेल्यांचा आकडा छापला, आणि डेल अकराव्या दिवशी हॉस्पिटलात वारला. तेव्हा व्हर्लिन अठरा वर्षांचा होता. हेरॉनचा त्याला राग आला नाही. त्याच्या जागी त्यानेही हेच केलं असतं.

रविवारी तो नदीपलीकडे बहिणीकडे जेवायला गेला. लोरीन त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. ती बटाटे सोलत होती. हवापाण्याचं बोलावं तसं त्याने ते सांगितलं.

“अकराच राहणार. बाराला पुरावा नाही.”

“आहे की,” लोरीन म्हणाली. “छापून आलंय. मीच नाही का गेले होते पेपरच्या ऑफिसात?”

व्हर्लिनने विचारलं, “कधी?”

“त्याला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी. तो संपादक म्हणे, बाई, आकडा छापून झालाय. मी म्हटलं, माझ्या भावाला त्यात मोजा, नाहीतर मी इथून हलत नाही. दुपारपर्यंत बसले खुर्चीत. शेवटी घेतलं लिहून. आणि मेल्यांनी आडनाव चुकवलं. पुन्हा जायचं त्राण नव्हतं माझ्यात.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तू विचारलंस कधी? आपल्या घरात त्याचं नाव तरी कोण काढायचं?”

ती पुन्हा बटाट्यांकडे वळली. पंचेचाळीस वर्षांत दोघं या विषयावर एवढं बोलले नव्हते. व्हर्लिनने दुसरी सुरी घेतली आणि तोही सोलायला लागला.

सोमवारी ओडेसाबाईंनी १९७९च्या एप्रिलचं रीळ लावलं. पान चौदावं, खतांच्या जाहिरातीशेजारी चार ओळी: पुरात आजारी पडलेल्या डेल ऑस्टरमन या तरुणाचं निधन, बळींची संख्या आता बारा.

“कोण तुमचे?” बाईंनी विचारलं.

“भाऊ.”

त्याने एक प्रत मागितली होती, त्यांनी दोन काढल्या.

त्याने बारा लिहिलं, तारीख आणि पान दिलं. मेलेला आपला कोण, हे लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी हेरॉनचं उत्तर आलं, ‘पटलं. जुन्या पुस्तकांचा आकडा चुकलेला दिसतो.’ आठवड्याभरात नोंद ‘चांगली’ ठरली आणि वर कोपऱ्यात हिरवी खूण लागली. व्हर्लिन पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसला. काहीतरी वाटेल म्हणून त्याने बराच वेळ वाट पाहिली. मग उठून त्याने कॉफीचा कप विसळला.

पुढच्या रविवारी त्याने लोरीनला ते दाखवलं. तिने चष्मा लावून तो परिच्छेद दोनदा वाचला.

“त्याचं नाव?”

“नावं घालत नाहीत. कुणाचीच.”

“बरं,” ती म्हणाली, आणि जरा वेळाने, “तो बारीक होता रे. त्या पाण्यात उभा राहिला तरी कसा.”

ती अजून बोलेल असं त्याला वाटलं, पण तिने मक्याच्या ब्रेडचा मोठा तुकडा त्याच्या ताटात घातला. जेवताना तो म्हणाला, की आता पुलांची वेगळी नोंद करायची आहे, सहाही पुलांची. लोरीन म्हणाली, “मग मलाही ने एक दिवस त्या वाचनालयात.” तो म्हणाला, मंगळवारी येतो न्यायला.