पोटावरचा हात

आमच्या आत्याला लोकांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांची पोटं जास्त लक्षात राहायची. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ती क्षणभर गोंधळून बघायची आणि मग एकदम म्हणायची, "हां, तुम्ही ते बद्धकोष्ठवाले!" बिचारा माणूस चारचौघांत लाजून चूर व्हायचा. माझी आई कपाळाला हात लावायची. "वन्सं, निदान रस्त्यात तरी लोकांना नावाने ओळखत जा." त्यावर आत्याचं उत्तर ठरलेलं, "नावं दहा जणांची सारखी असतात गं. पोट ज्याचं त्याचं."

ती डॉक्टर होती. लग्न केलं नाही. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत तिचा दवाखाना होता आणि वर आमच्या शेजारच्या घरात ती एकटी राहायची. बाहेरच्या खोलीत एक लाकडी बाक. आतल्या खोलीत रेक्झिन फाटलेलं उंच टेबल, वजनाचा काटा, आणि एक मोठी खिडकी. टेबल खिडकीला चिकटवलेलं, कारण सुरुवातीची कावीळ विजेच्या दिव्यात दगा देते असं तिचं ठाम मत. पेशंटला उजेडाकडे तोंड करून बसवायचं, खालची पापणी ओढून बघायची, मग डोळ्यांचा पांढरा भाग, मग जीभ, मग नखं. तोवर पेशंटने अवाक्षर काढायचं नाही. "आधी मला बघू दे. तू सांगितलंस की मला तेवढंच दिसतं."

शाळा सुटली की मी बाहेरच्या बाकावर बसून अभ्यास करायचे. अभ्यास नावाला, कान सगळे पडद्यापलीकडे. जुलाबाने मलूल झालेल्या बाळाची आई 'सुई टोचा, सलाईन लावा' म्हणून हटून बसलेली, आणि आत्या मांडीवर बाळ घेऊन मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजत बसलेली. सकाळपासून चहावर चहा ढोसून छातीत जळजळ होते म्हणणारा एक मास्तर, त्याला तिने फक्त एवढंच विचारलं होतं, "मुलांना उपाशी येऊ नका म्हणून सांगता, ते कुठल्या तोंडाने?" पांढऱ्याफटक पडलेल्या कॉलेजच्या मुलीला लोहाच्या गोळ्या देताना ती दम भरायची, की गोळी चहाबरोबर घेतलीस तर ती न घेतल्यासारखीच आहे. किती बरं वाटायचं त्या बाकावर! बाहेरचं जग कसंही असो, आत कुणीतरी प्रत्येकाला 'काल काय जेवलास' असं मनापासून विचारतंय, याचा मला फार आधार वाटायचा.

पोट तपासण्याआधी ती हात गरम करायची. टेबलाशेजारी गरम पाण्याचं भांडं असायचं. त्यात दोन्ही हात बुडवून, पुसून, मगच ते पोटावर ठेवायचे. "थंड हात लागला की पोट दगड होतं, मग आतलं काही बोलत नाही." उजव्या बरगडीखाली बोटं टेकवून ती म्हणायची, "श्वास घे." श्वास आत जाताना यकृत खाली सरकतं, आणि सुजलेलं असलं तर त्याची कड बोटाला येऊन लागते. त्या वेळी ती खिडकीबाहेर बघत असायची. बघायची कसली, तेव्हा ती सगळी त्या बोटात असायची.

आता स्वतःच्या पोटाचं काय? तर लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! सकाळी चहा-टोस्ट, दुपारी पेशंट संपले नाहीत म्हणून चहा-टोस्ट, आणि आईने पाठवलेला डबा बऱ्याचदा तसाच परत. पित्त झालं की टेबलाच्या खणात औषध कंपन्यांनी दिलेल्या नमुन्याच्या गोळ्या होत्याच. पेपरमिंट चघळावं तशी ती त्या घ्यायची, वर्षानुवर्षं. पेशंटला याच गोळ्या देताना मात्र बजावायची, महिन्याच्या वर घ्यायच्या नाहीत.

मी नोकरीला लागले तरी संध्याकाळी घरात शिरण्याआधी दवाखान्यात डोकावायची सवय गेली नाही. त्याच सुमारास आत्या बदलायला लागली. जिना उतरताना भिंतीला हात लावायची. औषधाचं नाव जिभेवर यायचं नाही, मग चिडायची. तळपायाला मुंग्या येतात म्हणायची आणि लगेच विषय बदलायची. आई हळूच म्हणाली, "वन्सं थकल्या गं आता. वय कुणाला चुकलंय?" आम्ही सगळ्यांनीच ते मान्य करून टाकलं. वय म्हटलं की काही करायला नको, हीच त्यातली सोय.

एका संध्याकाळी दवाखाना रिकामा होता. आत्या सवयीने भांड्यात हात बुडवून खिडकीबाहेर बघत उभी होती, पाण्यातून वाफा येत होत्या. मी सहज बोट बुडवलं आणि चटका बसून ओरडलेच. तिचे हात तसेच आत. ओढून बाहेर काढले तर लालबुंद.

"आत्या, तुला लागलं नाही?"

"काय लागायचंय?" ती म्हणाली, आणि मग तिने स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले.

थंड पाण्याखाली हात धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग भिंतीवरच्या आरशासमोर गेली आणि उजेडाकडे तोंड करून तिने जीभ बाहेर काढली. खरखर नाहीच, नुसती गुळगुळीत, लालभडक.

"गाढव," ती आरशाला म्हणाली. "बी-बारा संपलंय माझं. टोस्टात ते नसतं आणि जे थोडंफार खाल्लं त्यातलं या पित्ताच्या गोळ्यांनी अंगी लागू दिलं नाही. चाळीस वर्षं लोकांच्या जिभा बघतेय. माझी कोण बघणार होतं?"

रक्त तपासलं, तिचं बरोबर निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, आधी रोज, मग आठवड्याने. गोळ्यांचा खण आईने स्वतः रिकामा केला आणि डबा संपेपर्यंत ती समोर बसू लागली. दवाखाना तात्पुरता एक नवी डॉक्टर बघत होती, हुशार, कमी बोलणारी पोरगी. काही महिन्यांत आत्याचं डोकं लख्ख झालं. औषधांची नावं परत आली, टोमणेही परत आले, आमच्या जिवात जीव आला. पाय जरा डगमगतच राहिले. पण तिला पायांची फिकीर नव्हती.

"नसांकडे फार दिवस दुर्लक्ष झालं की सगळं परत येतंच असं नाही," ती मला म्हणाली. "बोटांची जाण आली तर पोटं तपासीन. नाही आली तर उगाच कुणाच्या जिवाशी खेळ नको."

पण जाण आली की नाही हे कळणार कसं? निरोगी माणसाचं यकृत बहुधा हाताला लागतच नाही. रोज ती माझं पोट दाबून बघायची, हाताला काही लागायचं नाही, आणि तो दोष माझ्या तब्येतीचा की तिच्या बोटांचा, काही कळायचं नाही.

शेवटी तिने सलूनवाल्याला बोलावलं. कोपऱ्यावर त्याचं दुकान. एके काळी दारूने त्याचं यकृत सुजलं होतं. आत्याने त्याला इतक्या शिव्या घातल्या होत्या की त्याने दारू सोडली ती सोडलीच. पण सूज थोडी उरलीच होती, म्हणून तेव्हापासून तो अधूनमधून पोट दाखवून जायचा. "याची कड मला माझ्या घराच्या उंबरठ्याइतकी पाठ आहे," ती म्हणायची. मधलं वर्ष तिच्या आजारपणात गेलं, त्यामुळे तो आला नव्हता.

तो आला, शर्ट काढून टेबलावर आडवा झाला आणि नेहमीसारखी बडबड सुरू केली. पाणी किती गरम आहे ते आधी मी बघितलं. आत्याने हात बुडवले, पुसले, बरगडीखाली बोटं टेकवली.

"श्वास घे."

मी तिचा चेहरा बघत होते. तिने बोटं जरा खाली सरकवली. "परत घे." मग आणखी एकदा. सलूनवाल्याचीही बडबड थांबली.

"पोरी, इकडे ये," आत्या नव्या डॉक्टरला म्हणाली. "तू बघ."

नव्या डॉक्टरने हात ठेवला. पहिल्याच श्वासाला तिने मान हलवली. मग आत्याकडे बघून तिला ते बोलावंसं वाटेना.

"बोल की."

"लागतंय. बरगडीखाली एक बोटभर."

म्हणजे आत्याच्या बोटांनाच ते लागलं नव्हतं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. आणि मागून आत्याचा आवाज आला, चढलेला, अधीर.

"एक? नक्की एक? कड कशी आहे?"

"मऊ आहे, मॅडम."

"मऊ? अगं, दोन बोटं होतं ते! आणि कडक होतं! पुन्हा बघ, नीट बघ." नव्या डॉक्टरने पुन्हा बघितलं. एकच बोट, मऊ.

सलूनवाला घाबरून उठून बसला. "डॉक्टरबाई, म्हणजे बरं की वाईट?"

"बरं रे! यकृत सुधारलंय तुझं."

"मग तुम्ही रडताय कशाला?"

"मला पाहिजे तेव्हा रडेन. तू शर्ट घाल."

त्यानंतर ती रोज दवाखान्यात बसली. डोळे बघितले, जिभा बघितल्या, जेवणावरून लोकांना मनसोक्त फैलावर घेतलं. पोटाला मात्र तिने पुन्हा हात लावला नाही. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायची, "माझ्या हाताखालचं शेवटचं पोट सुधारलेलं निघालं. एवढं नशीब किती डॉक्टरांना मिळतं?"