मैत्रिणीचा ब्लॉग मी वरून वाचला

मी चौथीपर्यंत शिकले, पण वाचणं सोडलं नाही. मध्य प्रदेशातल्या सौसरच्या घरी दुपारची भांडी झाली की पेपर घेऊन बसते. आधी मेलेल्यांचे फोटो, मग बाकीचं.

एकदा सुनेनं मोबाइलवर माझ्या मैत्रिणीचं लिखाण काढून दिलं. मैत्रीण माझ्या माहेरची, सावरगावची, शाळेत माझ्याच शेजारी बसायची. पुढे शिकून नागपुरात मास्तरीण झाली आणि भेटी तुटल्या.

"हा ब्लॉग हाये, आई. आपल्या मनचं लिहाचं अन् टाकाचं. कोणीबी वाचते."

"अन् छापते कोण?"

"कोणीच नाही. आपलं आपणच."

"मंग खोटं कोण पकडते?"

सून हसली. तेव्हापासून पेपरानंतर मैत्रिणीचा एक लेख, असा नेम झाला.

पहिलाच लेख वाईट होता. चार ओळी. हात थरथरतो, मुलगी लिहून घेते, तोंडाला चव नाही, कोथिंबिरीची, आपली सांबारवडी खावीशी वाटते, गावचं कोणी भेटलं तर बरं वाटेल. दुसऱ्या दिवशी त्याच्या खालचा वाचला. त्यात ती उशीला टेकून बसली होती, डोक्याला फडकं होतं. त्याच्या खालच्यात कंगव्यात केस येतात म्हणून कुरकुरत होती. मला वाटलं, चला, केस तरी आले. आणखी खाली गेले तर ही बाजारात भाजीवाल्याशी भांडत होती.

"एकदा जाऊन या नं," सून म्हणायची.

"आजाऱ्याच्या घरी काहून गर्दी कराची? आता फिरून राहिली ते. थंडीत सांबार चांगला आला की वड्या घेऊन जाईन."

शेवटच्या लेखात तिनं लिहिलं होतं, नोकरीतून सुटले, गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे, आता लिहीन म्हणते. मी बाजारातून सांबाराच्या जुड्या आणल्या.

"बरी झाली वं माई मैत्रीण."

सुनेनं मोबाइल घेतला. "आई, हा तं तिचा पयला लेख हाये."

"सगळ्यात खाली हाये नं?"

"ब्लॉगात नवं वर राहते, जुनं खाली. तुमी वरून वाचून राहिल्या होत्या का?"

"वाचाचं तं वरूनच असते."

तिनं बारीक इंग्रजीतल्या तारखा दाखवल्या. मला इंग्रजी येत नाही, मी त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. मग तिनं वरच्या चार ओळींखाली कुठंतरी बोट लावलं आणि लोकांनी लिहिलेलं उघडलं. तिथंही काही असतं हे मला ठाऊक नव्हतं. सगळ्या श्रद्धांजल्या. सुनेनं तारखा जुळवून पाहिल्या. मी वाचायला घेतलं तेव्हा ती जिवंत होती. मी तिला बाजारात भांडताना वाचत होते, त्या सुमारास गेली.

सांबार आणलेला होता, तो फेकायचा कशाला म्हणून वड्या केल्या. घरच्यांनी खाल्ल्या, चांगल्या झाल्या म्हणाले.

दुपारी पेपर घेऊन बसते. आधी मेलेल्यांचे फोटो. तिचा त्यात आला नव्हता. नागपूरचं पान आमच्याकडे येत नाही.