बिल्ला आधी की वजन

हे आजवर माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही. नवऱ्यापुढेही नाही, आणि तो तर आता ऐकण्याच्या पलीकडे गेला. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका.

ताडकळसला आमचा शेळ्या पाळणाऱ्या बायकांचा गट आहे. जंताचं औषध कोणत्या शेळीला किती पाजायचं, हे चाळीस वर्षं सगळ्या मला विचारायच्या. पोटाखाली हात घालून उचललं की मला वजन कळायचं. त्याचा मला माज होता — होताच, खोटं कशाला बोलू?

माझी नात कविता परभणीला कॉम्प्युटर शिकत होती. तिने गटासाठी प्रोग्राम लिहिला. आधी शेळीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकायचा, मग वजन. औषध किती ते पडद्यावर येणार. तिच्या लॅपटॉपवर बरोबर यायचं. गटाच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिने तोच, अक्षरही न बदलता, नव्याने तयार करून ठेवला आणि परीक्षेला निघून गेली. शेजारची गयाबाई आकडे टाकणार, मी पाजणार.

पहिलं करडू — बिल्ला एक्केचाळीस, वजन नऊ किलो. पडद्यावर औषध आलं थोराड बोकडाचं. मी पिचकारीत माझ्या अंदाजाने भरलं आणि पाजलं. दुसरी दुभती शेळी, चांगली भरलेली, बिल्ला सात — तिला करडाएवढं औषध. बायका हसायला लागल्या.

“कविताला करडू अन् बोकड कळंना,” गयाबाई म्हणाली. “परभणीला शेळ्या न्हाईत वाटतं.”

तिसरी आली. बिल्ला तीस, वजन अठरा. औषध आलं तीस किलोचं.

मी चौथी शिकले आहे. पण यंत्र बिल्ल्यालाच वजन धरतंय, एवढं कळायला कितवी लागते?

दुपारी कविताचा फोन आला. आवाज रडवेला — तिला कुणीतरी आधीच कळवलं होतं.

“आज्जे, नेमकं काय व्हायलंय? तू तिथं होतीस ना?”

आणि मी म्हणाले, “मला काय कळतंय बाई त्यातलं.”

एवढंच. एवढंच वाक्य. बायका पुन्हा माझ्याकडे शेळ्या घेऊन उभ्या होत्या, आणि मला ते बरं वाटत होतं — समजलं?

ती येईपर्यंत गटाने प्रोग्राम पुसून टाकला होता. घरी लॅपटॉपवर तिने शंभरदा चालवला. शंभरदा बरोबर. मग दोष कुठे शोधायचा? तिने स्वतःत शोधला. आपल्याला हे जमत नाही म्हणाली आणि वर्ष संपायच्या आत शिक्षण सोडलं. मी भाकरी थापत होते. तेव्हा तरी बोलायचं होतं की नाही?

आता ती मानवतला सासरी असते, ब्लाउज शिवते. परवा आली होती, तेव्हा सांगितलं तिने. नणंदेच्या कॉम्प्युटरवर तिने तो जुना प्रोग्राम गंमत म्हणून तयार केला, तर बिल्ल्याचा आकडा वजनाच्या जागी आला, वजनाचा बिल्ल्याच्या. मग दोन दिवस बसून शोधलं. एकाच ओळीत तिने दोनदा आकडा मागितला होता, आणि दोन्हींतला कोणता आधी घ्यायचा हे प्रोग्रामच्या त्या भाषेत ठरलेलंच नाही. एक यंत्र या टोकाने घेतं, दुसरं त्या टोकाने.

“तू एका दमात म्हणलीस, पाणी आण, सरपण आण,” तिने मला समजावलं, “तर आधी काय आणायचं ते तू सांगितलंच न्हाईस. तसं. दोन ओळी केल्या असत्या तर झालं असतं, आज्जे. उलटं यायलंय, एवढं कुणी सांगितलं असतं तर तासाभराचं काम होतं.”

मी मेथी निवडत होते. निवडत राहिले.

“जाऊ दे,” ती हसून म्हणाली. “तुला तरी काय कळणार होतं.”

मी मान डोलावली.

मला कळलं होतं. तिसऱ्या शेळीलाच.