डस्टर टेबलाखाली होतं

"गुरुजी, हा ग्लॉकोमा," जालन्याचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. आपल्याकडे याला काचबिंदू म्हणतात. डोळ्यातलं पाणी निचरत नाही, आत दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. नजर कडेकडेनं जाते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही.

"ठेचा कधीपासून लागून राह्यल्या?"

"दोनेक महिने," मी म्हणालो. धादांत खोटं. वर्ष उलटलं होतं. परतूरच्या शाळेत मास्तर होतो. नजर गेली म्हणावं तर नोकरी जायची धास्ती.

डोळे बधिर करणारे थेंब टाकून, बुबुळावर छोटं यंत्र टेकवून त्यांनी दाब मोजला. दुखलं नाही. मग मला समोर बघायला सांगून बाजूनं बोट आणलं. बोट पार नाकापाशी आलं तेव्हा मला दिसलं. आणि मला माझ्या वर्गातली कुसुम आठवली.

पाचवीला मी इंग्रजी शिकवायचो. टेबलावर पेला, खुर्चीवर पिशवी ठेवायची आणि विचारायचं, "व्हेअर इज द ग्लास?" वस्तू मीच मांडायचो, त्यामुळे बघायची गरजच नसे. लबाडी छान चालली होती.

एकदा विचारलं, "व्हेअर इज द डस्टर?" कुसुम उठली. एरवी तोंडातून शब्द न फुटणारी पोर, त्या दिवशी खणखणीत म्हणाली, "द डस्टर इज अंडर द टेबल."

"ऑन द टेबल!" मी खेकसलो. तिनं पुन्हा "अंडर" म्हटलं. दोन छड्या दिल्या. "सगळे म्हणा!" म्हणालो, तर अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "ऑन द टेबल!"

सुट्टी झाली, पोरं बाहेर पळाली. खुर्ची सरकवताना पायाला डस्टर लागलं. माझ्याच कोपरानं पडलं असणार. उचललं, टेबलावर ठेवलं, आणि महिनाभर तोंड उघडलं नाही. आजाराची लाज कसली? लाज वाटते ती या महिन्याची.

"गेलेली नजर परत येत न्हाई," डॉक्टर म्हणाले. "उरलेली सांभाळू. औषध बिलकुल चुकवू नका." पिलोकार्पिनचे थेंब, दिवसातून चारदा. डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकतं, सवय होते. कुणाला अशा ठेचा लागत असतील तर चपलेला दोष देऊ नका, आधी डोळे दाखवा.

सोमवारी वर्गात कुसुमला उभं केलं. ती हात मागे लपवूनच उठली.

"पोरी, त्या दिवशी तुझं बराबर होतं. डस्टर खालीच होतं. मला दिसलं नाही, आणि कळल्यावरही मी गप्प बसलो. मला माफ कर."

ती खाली बघत म्हणाली, "गुरुजी, तुम्ही वर म्हणले, सगळी पोरं बी वर म्हणली. मंग मला वाटलं, माझेच डोळे बिघडले."

डोळे अधू माझे, आणि महिनाभर आपल्या डोळ्यांवर संशय घेत फिरली ही पोर. तिनं हळूच मान वर केली. तेवढं बघण्यापुरती नजर डॉक्टरांनी राखून दिली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.