कसर लागलेल्या चाली

सरसाचा वास आला की मला अजून मळमळतं. बेळगावच्या ज्या छापखान्यात मी पुस्तकं बांधायचो, तिथं मागच्या पडवीत सरसाचं भांडं सदान्‌कदा चुलीवर असायचं. जनावरांची कातडी, खुरं, हाडं उकळून केलेला तो चिकट रांधा. त्याचा वास केसांना, धोतराला, जेवणाच्या डब्याला. आणि मी जैनाच्या घरातला. निपाणीजवळच्या आमच्या गावी सुट्टीला गेलो की आई दारातच घागरभर पाणी अंगावर ओतायची, मग आत घ्यायची. "असली नोकरी करण्यापरीस तंबाखूच्या वखारीत जा की रं," म्हणायची. वखारीत माणसं खोकून खोकून पिवळी पडत होती, पण ते तिला सोवळ्यातलं वाटायचं.

आमच्या गावात बस्ती होती, म्हणजे आमचं देऊळ. तिथल्या उपाध्यांना, म्हणजे पुजाऱ्यांना, पूजेच्या जुन्या चाली येत. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून त्यांच्याकडे आलेल्या. त्यांच्याशिवाय त्या कुणालाच येत नव्हत्या. मुलगा निपाणीला वखारीत लागलेला, त्याला गाण्याचा गंध नाही. बस्तीत पेटी वाजवणारी दोन-तीन तरणी पोरं होती, पण त्यांच्या बोटांत नाटकातली पदं बसलेली. देवाला पाण्याचा अभिषेक चाललाय आणि पेटीवर नायिका रुसलीय. ऐकून मला शिसारी यायची. उपाध्ये खाली मान घालून बसायचे.

मग त्यांचा गळा बसायला लागला. वैद्यानं हात टेकले तेव्हा उपाध्ये मला बाजूला घेऊन म्हणाले, "गळा जायच्या आत ह्या चाली छापून दे, बाळ. पुढ्यात पुस्तक असलं तर ही पोरं वाजवतील तरी."

मला पेटी जुजबी यायची. त्यांनी ओळ म्हणायची, मी पेटीवर सूर शोधून कागदावर उतरवायचे, असं करत आम्ही सगळ्या चाली लिहून काढल्या. कोमल सुराखाली रेघ, वरच्या सप्तकाला डोक्यावर टिंब. छापखान्यातला खिळे जुळवणारा माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. पण छपाई देखणी झाली. बांधणी मी स्वतः, सुट्टी काढून गावी, हातानं केली. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून पुस्तक उघडलं की उघडंच राहील अशी सैल शिलाई घातली. सरस बस्तीचा कारभार बघणाऱ्या पंचांना नको होता, मला तर नकोच नको होता. मी चिंचोक्याची खळ शिजवली. घड्या दाबायला हाडाची पट्टी वापरतात, ती फेकून बांबूची कामटी घेतली.

एवढं केलं तरी हे पंच चौकशीला आलेच. त्यातला थोरला, उसाचा मोठा बागायतदार, भांड्यात डोकावून म्हणाला, "खळीत काय घालतोस?"

"मोरचूद."

"कशाला?"

"किडे लागू नयेत म्हणून."

"म्हंजे खाल्ला की किडा मरणार?"

"मरणार न्हाय तर काय नाचणार?"

"मग न्हाय चालायचं. देवाचं पुस्तक आन्‌ त्यात इख?"

मी जीव तोडून सांगितलं की मोरचूद नसेल तर दोन पावसाळ्यांत कसर सगळं फस्त करील. हा गृहस्थ उसावर काय काय फवारतो ते मला ठाऊक होतं. तेही बोलून दाखवणार होतो, पण उपाध्यांनी माझा हात धरला. "पंचांचं ऐक," ते बसक्या आवाजात म्हणाले, "आधी पुस्तक तर होऊ दे." मी मोरचूद घातला नाही.

पुस्तकं वाजतगाजत बस्तीत नेली. आणि नेली ती थेट कपाटात, कुलूप लावून. पोरांच्या घरी दिली तर कुणीतरी उष्ट्या हातानं शिवेल म्हणे. एक प्रतही बाहेर दिली नाही. छापखान्यातले आमचे लिहिलेले कागद तोवर रद्दीत गेले होते. मी सुट्टीला आलो की बघायचो: पोरं तीच नाटकातली पदं बडवतायत आणि किल्ली थोरल्या पंचाच्या करगोट्याला.

दुसरा पावसाळा सरला तेव्हा उपाध्यांचा आवाज पुरता गेला होता. नुसते ओठ हलायचे. त्यांनी खुणेनं हट्ट धरला म्हणून कपाट उघडलं. कुबट वास अंगावर आला. शिलाईच्या खोबणीत कसर वळवळत होती, पुठ्ठ्याखालनं झुरळांची पिल्लं पळत होती, पानांची चाळण झालेली. मी वरची प्रत उचलली तशी मनगटावर काहीतरी चढलं. मी झटकणार, तोच थोरला पंच म्हणाला, "हळू रं, हळू. जीव हायत त्यात."

"उन्हात टाकतो."

"उन्हात मरतील ती. सावलीला ठेव. जातील आपसूक."

"आणि पुस्तकं?"

"पुस्तकं काय, परत छापता येतील की."

"कुणाच्या गळ्यावरनं?" मी म्हणालो.

उपाध्यांनी माझ्या हातातली प्रत काढून घेतली. पाण्यातला जीवही मरू नये म्हणून जन्मभर पाणी गाळून प्यालेला माणूस. ते अंगणात गेले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी ते पुस्तक दगडावर आपटलं, आपटतच राहिले. किडे खाली पडत होते, पायाखाली जात होते. मग उन्हात बसून त्यांनी एक पान उघडलं आणि ओळीवरनं बोट फिरवायला लागले. ओठ हलत होते. बोट भोकाशी आलं की थांबायचं. ते परत ओळीच्या सुरुवातीला यायचे, परत भोकाशी थांबायचे. पुढचं त्यांनाही आठवत नव्हतं.

जीवहत्येचं प्रायश्चित्त म्हणून पंचांनी त्यांना उपास सांगितले. त्यांनी ते मुकाट्यानं केले. मी थोरल्या पंचाला रस्त्यात गाठलं आणि विचारलं, किड्यांचं प्रायश्चित्त झालं, आता त्या चालींचं कोण घेणार?

"कसल्या चाली?" तो म्हणाला.

मला वाटलं, टाळतोय. तोंडाकडे बघितलं तर तो खरंच विचारत होता.